इंजिनची ऑइल गळती: बाटलीने कुठली थांबते, कुठली नाही

गाडीखाली ऑइलचे डाग दिसायला लागले की मुंबईत दोन सल्ले फुकट मिळतात. एक म्हणजे ‘जाड ऑइल टाका’, आणि दुसरा ‘स्पेअर पार्टच्या दुकानात लीक बंद करणारी बाटली मिळते, ती ओता’. दोन्ही सल्ले काही गाड्यांना लागू पडतात. बऱ्याच गाड्यांत मात्र ऑइल आणि बाटलीतल्या अ‍ॅडिटिव्हचे पैसे जातात, गळती तशीच राहते आणि दोष बाटलीला दिला जातो. खरं तर चांगली बाटली एकाच प्रकारच्या गळतीसाठी बनवलेली असते: रबर जुनं होऊन कडक झालेलं आहे, आकसलेलं आहे, पण फाटलेलं नाही.

इंजिनमध्ये ऑइल आत ठेवण्याचं काम दोन प्रकारच्या वस्तू करतात. टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) आणि हेड, किंवा खालचं चेंबर (ऑइल साठवणारं भांडं) आणि ब्लॉक, हे भाग एकमेकांवर स्थिर बसलेले असतात. त्यांच्यामध्ये पॅकिंग असतं. रबराचं, कॉर्कचं, रबर चढवलेल्या पत्र्याचं किंवा नुसता ट्यूबमधला सिलिकॉनचा थर. पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टचं पुढचं आणि मागचं टोक, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं टोक, हे फिरणारे भाग. तिथे ऑइल सील लागतं. पत्र्याच्या रिंगवर रबराची एक पातळ कड असते आणि मागून बारीक गोल स्प्रिंग ती कड शाफ्टवर आवळून धरते. कड शाफ्टला कोरडी घासत नाही, तिच्याखाली ऑइलचा अत्यंत पातळ थर असतो. कड लवचिक असेपर्यंत शाफ्टच्या बारीकसारीक थरथरीबरोबर ती हलते आणि थर जागच्या जागी राहतो. ती कडक झाली की शाफ्टबरोबर हलू शकत नाही आणि थराचा थेंब होतो.

रबर कडक का होतं? कुकरची रिंग वर्षभरात जशी ताठ होते आणि कडेने वाफ सोडू लागते, तेच इथे होतं. उष्णतेने रबर वाळत, पिकत जातं आणि त्याला मऊ ठेवणारे द्रव हळूहळू ऑइलमध्ये निघून जातात. जुन्या इंजिनांतलं नायट्राइल रबर साधारण १०० ते १२० अंश सेल्सियसपर्यंत सुखाने काम करतं, अ‍ॅक्रिलिक जातीचं रबर सुमारे १५० पर्यंत, फ्लोरो जातीचं २०० च्या आसपास. मुंबईत नायट्राइलची परीक्षा जास्त होते, कारण गाडी उभी असते आणि इंजिन चालू असतं. ताशी सरासरी १५ किलोमीटरने ३०,००० किलोमीटर कापायला इंजिन २,००० तास चालतं. तेच अंतर हायवेवर ताशी ६० ने ५०० तासांत संपतं. मीटरवर आकडा एकच, सीलचं वय चौपट. त्यामुळे एस. व्ही. रोडवर रोज रखडणारी गाडी ‘अजून ५० हजारही झाली नाही’ म्हणून सील नवंच असेल, हा हिशेब चुकतो.

बाटलीत काय असतं

चांगल्या सील कंडिशनरमध्ये, म्हणजे रबर मऊ करणाऱ्या बाटलीत, एस्टरसारखे द्रव असतात. हे द्रव रबरात शिरतात, रबर काही टक्के फुगतं आणि थोडं मऊ होतं. कड पुन्हा शाफ्टला टेकते, गळती कमी होते किंवा थांबते. हे सगळं सावकाश होतं, कारण द्रवाला रबरात झिरपायला वेळ आणि गरम ऑइल दोन्ही लागतात.

दुसऱ्या प्रकारच्या बाटलीत तीव्र विद्रावक असतात. फरक दोन-तीन दिवसांत दिसतो, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. पण असं रबर गरजेपेक्षा जास्त फुगतं, लिबलिबीत होतं आणि कड लवकर झिजते. शिवाय विद्रावकाने ऑइल पातळ होतं. काही महिन्यांनी गळती परत येते, तीही आधीपेक्षा जास्त. तिसरा प्रकार म्हणजे भोक बुजवणारे कण किंवा घट्ट पदार्थ असलेला. रेडिएटरमध्ये जी युक्ती कधीकधी चालते ती इंजिन ऑइलमध्ये आणू नये. ऑइल पंपाची जाळी, हायड्रॉलिक टॅपेट आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचे बारीक मार्ग यांना गळणारं भोक आणि कामाचं भोक यातला फरक कळत नाही.

गॅरेजमध्ये कधी ऑइलमध्ये थोडं ब्रेक ऑइल टाकायचा जुगाड सांगितला जातो. ब्रेक ऑइलने नायट्राइल फुगतं हे खरं आहे. पण ते ग्लायकॉल जातीचं असतं, इंजिन ऑइलमध्ये नीट विरघळत नाही, पाणी धरून ठेवतं आणि बेअरिंगवरची ऑइलची फिल्म बिघडवतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला क्रँकचे बेअरिंग पणाला लावण्यासारखं आहे हे.

आता सिंथेटिक ऑइलबद्दलची भीती. ‘सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळते’ या समजुतीत एक तथ्य आहे. जुन्या पद्धतीच्या मिनरल बेस ऑइलमध्ये (कच्च्या तेलापासून मिळणाऱ्या मूळ ऑइलमध्ये) अ‍ॅरोमॅटिक घटक जास्त असतात, ते रबर थोडं फुगवून ठेवतात. शुद्ध पॉलिअल्फाओलेफिन बेस ऑइल, म्हणजे सिंथेटिकचा मूळ द्रव, उलट रबराला आकसवतं. म्हणून आजच्या सिंथेटिकमध्ये एस्टर किंवा रबर फुगवणारे घटक मोजून मिसळलेले असतात, आणि एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपीसारख्या सध्याच्या दर्जा-श्रेणींच्या ऑइलची रबराच्या नमुन्यांवर चाचणीही होते. तरी ऑइल बदलल्यावर गळती दिसतेच कधीकधी. त्याचं कारण बहुतेकदा वेगळं असतं. नव्या ऑइलमधले डिटर्जंट साचलेला गाळ धुऊन काढतात, आणि आतापर्यंत तो गाळच फाटक्या सीलपाशी बूच होऊन बसलेला असतो. जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात गाळ धुणारा फ्लश टाकल्यावर गळती ‘सुरू’ होते तीही अशीच.

आधी जागा शोधा, मग दाब तपासा

ऑइल गळतं वर आणि टपकतं खाली. चेंबरच्या बोल्टवर थेंब लटकतोय म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, आणि खरी गळती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून इंजिनच्या पाठीवरून उतरत असते. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. त्यातून गाडी चालत असताना वारा ऑइल मागे ढकलतो, त्यामुळे मागच्या क्रँक सीलवर उगाच आळ येतो. हे सील बदलायला गियरबॉक्स उतरवावा लागतो. असल्या कामाला हो म्हणण्याआधी खात्री करून घ्या.

थंड इंजिनवर डिग्रीझर मारा, ब्रशने घासा आणि कापडाने पुसून पूर्ण कोरडं करा. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने झाका. मग १० ते १५ मिनिटं इंजिन चालवून वरून खालपर्यंत टॉर्चने बघा. नाही दिसलं तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवून वीस-पंचवीस किलोमीटर गाडी फिरवा. ओल्या रेषेचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा. अगदीच सापडेना तर ऑइलमध्ये मिसळायचा, यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग (यूव्ही डाय) आणि यूव्ही टॉर्च वापरतात, चांगल्या गॅरेजमध्ये असतो. टपकणारं इंजिन ऑइलच आहे ना, हेही पाहून घ्या. तपकिरी-काळं आणि बोटांना बुळबुळीत ते इंजिन ऑइल, लालसर ते बहुधा ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं, हिरवं किंवा गुलाबी आणि पाण्यासारखं ते कूलंट. स्वच्छ पाणी असेल तर तो एसी.

सर्वात आधी बघायच्या जागा अगदी सोप्या आहेत आणि तिथे कुठलीच बाटली चालत नाही: ऑइल फिल्टर सैल, जुन्या फिल्टरची रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसवला, ड्रेन बोल्टचा वायसर न बदलता तोच परत आवळला, ऑइल प्रेशर स्विच वायरच्या टोकातून पाझरतोय. सर्व्हिसिंगनंतर आठवड्याभरात सुरू झालेली गळती बहुधा या चारांपैकीच एक असते.

त्यानंतर दाब. पिस्टनच्या बाजूने थोडा गॅस नेहमीच खाली क्रँकच्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतो. तो परत इनटेककडे ओढून नेण्याचं काम पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि ब्रीदरची नळी करतात. ही वाट बुजली की आत दाब साचतो आणि तो ऑइलला सर्वात कमजोर सीलमधून बाहेर ढकलतो. नवीन सील घातलं तरी ते गळतं, आणि मग ‘पार्ट डुप्लिकेट होता’ असं ठरतं. मुंबईत ही वाट लवकर बुजते. हवा दमट, आणि ज्या गाड्यांच्या फेऱ्या छोट्या त्यांचं इंजिन पूर्ण तापतच नाही. आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून ऑइलच्या झाकणाखाली आणि ब्रीदरच्या नळीत पिवळट सायीसारखा थर साचतो. पावसाळ्यात तो हमखास दिसतो. एका लांब फेरीत तो जात असेल आणि कूलंट कमी होत नसेल तर काळजी नाही. कूलंटही उतरत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, तपासून घ्या.

तपासणी घरी होते. गरम इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण उघडून भोकावर नुसतं ठेवा. जागच्या जागी थरथरलं तर ठीक, उडायला लागलं किंवा भोकातून धूर फुसफुसत बाहेर आला तर दाब आहे. टर्बो डिझेलमध्ये थोडी वाफ दिसणं नेहमीचं, तिथे एवढ्यावरून निकाल देऊ नये. सैल बाह्या आणि ओढणी इंजिनच्या फिरत्या पट्ट्यापासून लांब ठेवा. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला तर आत खुळखुळायला हवा. मुका असेल तर बदला. व्हॉल्व्ह आणि नळी साफ असूनही दाब राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, आणि पुढची पायरी कॉम्प्रेशन तपासणीची, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्याची. तिथे सीलवर खर्च करणं व्यर्थ.

ऑइलची पातळी मोजायच्या डिपस्टिकवर वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरलेलं असेल तर तेही काढा. फिरता क्रँक ऑइलला लागला की फेस होतो, आत धुकं वाढतं आणि सीलवरचा मारा वाढतो.

जाड ऑइल: किती जाड?

ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा (५डब्ल्यू-३० मधला ३०) इंजिन गरम असतानाचा जाडपणा सांगतो. १०० अंशाला ३० चं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) असतं, ४० चं १२.५ ते १६.३, ५० चं १६.३ ते २१.९. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या सुरुवातीसाठी असतो. मुंबईत जानेवारीतही पहाटे गाडी १५ अंशाच्या आसपासच सुरू होते, तेव्हा ५डब्ल्यू की १५डब्ल्यू याचा गळतीशी किंवा स्टार्टशी फारसा संबंध राहत नाही. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा: ३० च्या पट्ट्यात ९.५ चंही ऑइल बसतं आणि १२ चंही. कंपनीच्या डेटा शीटवर १०० अंशाचा आकडा छापलेला असतो. ग्रेड न बदलता त्याच पट्ट्यातलं जाडसर ऑइल निवडणं हा सर्वात बिनधोक उपाय, आणि तो जवळजवळ कोणी करत नाही.

त्यानंतर एक पायरी वर. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० सोबत १०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० ची मुभा असेल तर जुन्या इंजिनात ४० वापरायला हरकत नाही. २०डब्ल्यू-५० हे जुन्या, ढिल्या इंजिनांचं ऑइल. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ साठी बांधलेल्या नव्या पेट्रोल इंजिनात ते ओतलं तर गळती किंचित कमी होईल, पण व्हॉल्व्ह टायमिंगची यंत्रणा आळसावेल, स्टार्टच्या वेळी वरच्या भागाला ऑइल उशिरा पोचेल आणि मायलेज जाईल. धुरातली काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये तर ग्रेडसोबत कमी राखेचं (जळल्यावर कमी राख सोडणारं) ऑइलच लागतं. तिथे जाडपणा बघून कुठलंही १५डब्ल्यू-४० भरू नका आणि उत्पादकाने परवानगी दिली नसेल तर अ‍ॅडिटिव्हही नको.

‘हाय मायलेज’ लिहिलेलं ऑइल मिळालं तर ते बाटलीपेक्षा बरं. त्यात रबरासाठीचे घटक मोजून घातलेले असतात, पट्ट्याच्या जाडसर टोकाला ते बनवलेलं असतं आणि बाकीच्या रसायनांशी त्याचा मेळ आधीच बसवलेला असतो.

बाटली वापरायचीच तर

डब्यावरचं प्रमाण आधी वाचा. छोट्या पेट्रोल गाड्यांत ऑइल ३ ते ३.५ लिटरच असतं. डब्यावर ४ लिटरला ३०० मिली असं असेल तर ३ लिटरच्या इंजिनला २२५ मिली पुरे. उरलेली ‘वाया कशाला’ म्हणून ओतली तर रबर जास्त फुगतं. जितकं अ‍ॅडिटिव्ह तितकं ऑइल कमी भरा, म्हणजे पातळी वरच्या खुणेपलीकडे जाणार नाही. सर्वात योग्य वेळ ऑइल आणि फिल्टर बदलतानाची. जुन्या, आम्ल झालेल्या ऑइलमध्ये ओतून महिन्याभरात ते सगळं काढून टाकलं तर निम्मा परिणाम गटारात जातो.

इंजिन गरम असताना ओता, १० ते १५ मिनिटं आयडलवर चालू ठेवा, मग नेहमीप्रमाणे वापरा. मोजायचं असेल तर रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवून सकाळी थेंब मोजा, आणि दर रविवारी सपाट जागी, थंड इंजिनवर डिपस्टिक बघून लिहून ठेवा. वीस थेंबांचा साधारण १ मिलीलिटर होतो. रात्रीत दहा थेंब म्हणजे महिन्याला १५ मिली, ऐकायला भयंकर आणि प्रत्यक्षात किरकोळ. डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये बऱ्याच गाड्यांत एक लिटरच्या आसपास ऑइल मावतं, त्यामुळे खूण खाली सरकतेय का हे थेंबांपेक्षा महत्त्वाचं. फरक ५०० ते ८०० किलोमीटरनंतर दिसू लागतो. १,५०० किलोमीटर झाले आणि पुठ्ठ्यावर तेवढेच थेंब असतील तर दुसरी बाटली आणू नका. ती गळती बाटलीची नाही.

जिथे सील कंडिशनरचा खरा उपयोग होतो अशी एक जागा बाहेरून दिसतच नाही, ती म्हणजे व्हॉल्व्ह स्टेमची, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची, सीलं. ती कडक झाली की ऑइल सिलिंडरमध्ये उतरून जळतं. रात्रभर उभी गाडी सुरू करताना किंवा सिग्नलला बराच वेळ थांबून निघताना निळसर धुराचा एक भपका येतो आणि थांबतो, हे त्याचं लक्षण. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर दोष रिंगांचा, आणि तिथे सीलचं औषध चालत नाही.

फाटलेली कड, कडेने शाफ्टवर पाडलेली खाच, तडकलेलं कॉर्क, सुटलेला सिलिकॉन, वाकलेलं चेंबर, हेड गॅस्केट यांपैकी कशावरही बाटलीचा परिणाम नाही. बऱ्याच नव्या इंजिनांच्या क्रँकला पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनच्या कडेची सीलं असतात. ती रबरासारखी फुगत नाहीत, त्यामुळे तिथेही नाही.

खोलायचंच ठरलं तर

पुढचं क्रँक सील काढायला अनेक इंजिनांत टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. बेल्टवर ऑइल पडलेलं असेल तर तो बदलाच, सोबत टेन्शनर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंपही. मागचं सील करताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग पाहून घ्या. सील काही शे रुपयांचं असतं, पैसे मजुरीचे जातात. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सील घेताना जुनं सील किंवा त्यावरचे आकडे सोबत न्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. आणि कुठल्या रबराचं आहे हे विचारा. मापात बसणारं स्वस्त नायट्राइल, फ्लोरो रबराच्या जागी घातलं तर वर्षभरात परत तेच.

स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. रबराच्या कडेला बसवण्याआधी ऑइलचं बोट फिरवायचं. पीटीएफईचं सील मात्र कोरडं बसवतात, सोबत आलेल्या प्लास्टिकच्या स्लीव्हवरून सरकवून. त्याला ऑइल लावलं तर ते नीट बसत नाही. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नवं सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवून कड कोऱ्या भागावर आणतात, किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची स्पीडी स्लीव्ह चढवतात.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग मात्र घरी करण्याजोगं आहे. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर. बहुतेक छोट्या इंजिनांत तो १० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. गळतं म्हणून जास्त आवळलं की कव्हर वाकतं आणि मग नवं पॅकिंगही गळतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांवर आणि जोडांवर, मुगाच्या दाण्याएवढा. तो इंजिनसाठीचा, सेन्सर खराब न करणारा हवा. बाथरूमच्या फरशीला लावायचा, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन ऑइलमध्ये टिकत नाही आणि त्याच्या वाफेने धातू गंजतो. लावल्यावर २४ तास इंजिन सुरू करू नका.

सगळीच गळती दुरुस्त करायला हवी असंही नाही. रात्रीत एक-दोन थेंब, डिपस्टिक जागेवर, ऑइल कुठे गरम किंवा नाजूक जागी पडत नाही, तर चालवा. स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर गाडी लावत असाल तर खालच्या बॉनेटवाल्याचं मत वेगळं असेल, तेव्हा ट्रेवर गाडीखाली पुठ्ठा तरी ठेवा. ऑइल एक्झॉस्टवर पडून जळका वास येत असेल, टायमिंग बेल्ट भिजत असेल, क्लच घसरत असेल किंवा अल्टरनेटरवर टपकत असेल तर थांबू नका. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत काजळी कमी म्हणून ऑइल खूप दिवस स्वच्छ दिसतं आणि बदलायचं राहतं. रंगावर जाऊ नका, ते आतून उष्णतेने खराब होत असतंच, आणि असं ऑइल सील कडक करतं.

दुचाकीचा नियम वेगळा. मोटरसायकलमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यासाठी जासो या जपानी मानकातलं एमए किंवा एमए-२ चं ऑइल लागतं. गाडीसाठीचं सील अ‍ॅडिटिव्ह त्यात टाकलं तर क्लच घसरू शकतो. डब्यावर ओल्या क्लचची स्पष्ट परवानगी नसेल तर टाकू नका. गियर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, पण तिच्यात ऑइलच पाऊण लिटरच्या आसपास. ४ लिटरसाठीची बाटली तिथे मोजायलाच कठीण. स्कूटरचं क्रँक सील गेलं तर ऑइल बेल्टच्या खोलीत उतरतं, बेल्ट घसरायला लागतो आणि पिकअप पडतो. तिथे सरळ सील बदला, बेल्ट पुसून नका चालवू, नवा घाला.